आठवडी बाजारची भाजी धुताना: मीठ, सोडा, पोटॅश की नुसतं पाणी?

परसबाग_दारव्हा

बाजाराचा दिवस झाला की घरोघरी भाजी धुणं सुरू होतं आणि प्रत्येक घराची रीत निराळी. कोणी हळद-मीठ टाकतं, कोणी खायचा सोडा, कोणी पोटॅशचा (पोटॅशियम परमँगनेट, खताचं पोटॅश नव्हे) एक खडा टाकून पाणी गुलाबी करतं. आता मोबाईलवर भाजी धुण्याच्या लिक्विडच्या आणि बुडबुडे सोडणाऱ्या मशीनच्या जाहिराती रोज येतात, त्या वेगळ्याच.

यातल्या कशानं नेमकं काय निघतं हे जाणकारांनी सांगावं. माती, जंतू, अळ्या, फवारलेलं औषध या चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत, पण चर्चेत सगळ्यांचं भरीत होतं. आणि उन्हाळ्यात नळ तीन-चार दिवसांनी येतो हे धरून सांगा. 'वाहत्या धारेखाली धरा' हा सल्ला धार असणाऱ्यांसाठी ठीक आहे.

माझं मत: पाण्यात काय टाकता यापेक्षा भाजी कोणत्या क्रमानं आणि किती चोळून धुता हे महत्त्वाचं. पटत नसेल तर खोडून काढा.

वऱ्हाडी_ठेचा

हळद झाली, मीठ झालं. आता त्याच पाण्यात तिखट टाका अन् चुलीवर ठेवा, धुणं-शिजवणं एकाच भांड्यात!

काळी_माती

मत पटलं. पालेभाजीपासून सुरू करतो, कारण घोळ तिथंच होतो.

आपली काळी माती चिकण. मेथी, पालक, चवळाईच्या मुळाजवळ ती लेप दिल्यासारखी बसते आणि धारेखाली धरली तरी सुटत नाही. तिला आधी भिजू द्यावं लागतं.

१. जुडी सोडा, पिवळी-सडकी पानं काढा, मुळं कापा. निवडणं आधी, धुणं नंतर. पण चिरणं धुतल्यानंतरच. चिरून धुतली की क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातं आणि बाहेरची घाण कापलेल्या कडांतून आत शिरते.

२. मोठ्या घमेल्यात किंवा टबात भरपूर पाणी. अर्धा किलो भाजीला ४ ते ५ लिटर. भाजी तरंगली पाहिजे, ठासून भरायची नाही. ५ मिनिटं तशीच राहू द्या.

३. हातानं हलवा, मग भाजी वर उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या. इथं बहुतेक चुकतात. टब चाळणीत उपडा करतात आणि तळाला बसलेली रेती परत भाजीवर ओततात. मग पहिल्या घासाला करकर लागली की भाजीवाल्याला शिव्या.

४. असं तीनदा. तिसऱ्या पाण्याच्या तळाशी बोट फिरवून बघा, खरखर लागली तर चौथं पाणी.

सांभार (कोथिंबीर) आणि पातीच्या कांद्याला देठाच्या बुडाशी माती अडकते, ते बूड बोटांत धरून चोळावं लागतं. पातीचा पांढरा भाग उभा चिरल्याशिवाय आतली माती निघतच नाही. 'चिरण्याआधी धुवा' या नियमाला पालेभाजीत तेवढा एक अपवाद.

बंडीवाला

भाजी हिरवीगार दिसावी म्हणून बाजारात दिवसभर पाणी शिंपडतात. ते पाणी कुठलं, हे कोणी विचारत नाही. मुळा-गाजर तर शेतातून निघालं की जवळच्या नाल्यात नाहीतर कालव्यात धुऊनच येते. पांढराशुभ्र मुळा दिसला की लोक दोन रुपये जास्त देतात. मातीचा मुळा घ्या राजेहो, ती माती निदान वावरातली हाये.

सूक्ष्मदर्शक

@बंडीवाला यांचा मुद्दा फार मोलाचा. माती दिसते, नाल्याचं पाणी दिसत नाही. मैल्याच्या पाण्यातून येणारे तीन पाहुणे वेगवेगळे समजून घ्या.

एक, जिवाणू: ई. कोलाय, साल्मोनेला वगैरे. नुसतं स्वच्छ पाणी आणि चोळणं यानं ते बरेच कमी होतात, संपत नाहीत. क्लोरीननं आणखी कमी होतात.

दोन, जंताची अंडी. यांना क्लोरीन, पोटॅश, मीठ, कशाचंच विशेष काही वाटत नाही. जंताच्या अंड्याचं कवच जाड आणि चिकट असतं. ती चोळून आणि पाणी बदलून निघतात आणि शिजवल्यावर मरतात. अमिबाच्या कोशांचंही बरंचसं असंच आहे.

तीन, विषाणू, उदाहरणार्थ कावीळ 'अ'. पावसाळ्यात विहिरीत आजूबाजूचं पाणी शिरलं की हा धोका वाढतो.

त्यामुळे शिजवायच्या भाजीची फार चिंता नको. माती आणि औषध निघालं की उरलेलं काम चूल करते. खरी काळजी कच्चं खाण्याची: सांभार, कांद्याची पात, मुळा, गाजर, काकडी, टमाटर, कोशिंबिरीची पत्तागोबी आणि फळं. घरात एकच टब असेल तर कच्च्याचं पाणी वेगळं ठेवा. क्लोरीन वापरायचं असेल तर इथंच वापरा.

आणि धुणारा हात! भाजी धुण्याआधी साबणानं हात धुतले नसतील तर वरचं सगळं वाया.

भेदरं_चटणी

सूक्ष्मदर्शक ताई/दादा, क्लोरीनचं प्रमाण सांगा ना. गावात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मिळते. आशाताई पावसाळ्यात गोळ्या देतात, त्या चालतील का?

सूक्ष्मदर्शक

@भेदरं_चटणी, सांगतो (दादा).

कच्च्या भाजी-फळांसाठी ५० पीपीएम पुरे, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन. 'एफएसएसएआय' या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं २०२० मध्ये घरगुती सूचना दिल्या तेव्हाही हाच आकडा होता. साबण आणि सॅनिटायझर भाजीला लावू नका हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर १ लिटर पाण्याला १ मिली, १० लिटरच्या बादलीला १० मिली. बाटलीवरची टक्केवारी वाचा. वासाची किंवा साबण मिसळलेली ब्लीचची बाटली चालत नाही.

ताजी टीसीएल २५ ते ३३ टक्क्यांची असते. १० लिटरला साधारण २ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चहाचा चमचा. पावडर थेट भाजीवर टाकू नका. पेलाभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी बादलीत ओता. पोतं उघडं राहिलं, दमट झालं किंवा उन्हाळाभर पत्र्याखाली पडलं तर क्लोरीन उडून जातं आणि उरतो नुसता चुना. वासच येत नसेल तर ती पावडर भाजीलाही नको आणि विहिरीलाही नको.

गोळ्यांच्या पाकिटावरचं प्रमाण पिण्याच्या पाण्याचं असतं, ते फार सौम्य. त्यानं पाणी पिण्याजोगं होतं. शेवटचं धुणं त्या पाण्यानं करा, तो उत्तम उपयोग.

क्रम: आधी माती पूर्ण काढा, मग क्लोरीनमध्ये ५ मिनिटं, मग पिण्याच्या पाण्यानं एकदा खळखळून. मातीच्या पाण्यात क्लोरीन टाकलं तर ते मातीतच खर्ची पडतं, जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडी घमेलं नको.

पोटॅश_प्रेमी

मग पोटॅशनं काय घोडं मारलं? पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षं पोटॅशच्या पाण्यात धुतात.

सूक्ष्मदर्शक

घोडं काही मारलं नाही, पण जंतूही फारसे मारत नाही. फिकट गुलाबी पाणी दुबळं असतं. मातीचा-पानांचा संपर्क आला की ते तपकिरी होतं, म्हणजे पोटॅश संपलं. पाणी तपकिरी झाल्यावरही लोक त्यात भाजी बुडवून ठेवतात. गडद जांभळं केलं तर भाजीवर आणि नखांवर डाग पडतात, आणि न विरघळलेला खडा पानाला चिकटून राहिला तर तोंड पोळतं. त्यापेक्षा क्लोरीन मोजायला सोपं.

फवारा_१६लिटर

आता औषधाकडे वळू. 'औषध धुतलं जातं का' याचं हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर नाही.

औषधं दोन तऱ्हेची. स्पर्शजन्य औषध पानाच्या किंवा फळाच्या वर बसतं. त्यातलं बरंच चोळून धुतल्यानं जातं. नुसतं बुडवून ठेवल्यानं तेवढं जात नाही, कारण फवारणीच्या टाकीत स्टिकर (चिकटवणारं द्रव्य) टाकलेलं असतं, औषध पावसानं धुऊन जाऊ नये म्हणूनच. चोळल्याशिवाय ते हलत नाही.

दुसरं आंतरप्रवाही: इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही सगळी त्यातली. ही झाडाच्या रसातून फिरतात. आत शिरलेलं औषध ना मिठानं निघतं, ना सोड्यानं, ना हजारो रुपयांच्या मशीननं. त्याला उपाय एकच, तोडणीआधीचा प्रतीक्षा काळ पाळणं. बाटलीबरोबरच्या माहितीपत्रकात पिकागणिक दिवस लिहिलेले असतात. कुठं एक दिवस, कुठं तीन, पाच, कुठं दोन आठवडे.

अडचण येते भेंडी, काकडी, दोडक्याला. भेंडी दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. मग पाच दिवसांचा काळ पाळायचा कसा? पाळला जात नाही, हे खरं उत्तर. म्हणून घरच्या खाण्यासाठी परसबागेत चार ओळी वेगळ्या ठेवाव्या. विकत घेताना ओळखीच्या शेतकऱ्याला 'कधी फवारलं?' एवढं विचारावं. बहुतेक जण खरं सांगतात.

मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे. कपाशीला आणलेल्या डब्यातलं उरलं म्हणून वांग्यावर मारणं हा प्रकार थांबलाच पाहिजे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं दगावली, ती याच कपाशीवरच्या औषधांनी.

आणखी एक, सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित: औषध कालवायची बादली, मग, रिकामा डबा भाजी धुवायला कधीही वापरू नका. तीनदा घासला तरी नाही. प्लास्टिक औषध धरून ठेवतं. फवारणीची बादली लाल रंगानं रंगवून गोठ्यात वेगळी टांगा.

कायले_धुता

मंग धुवाचंच कायले? आत औषध, वर जंत, मधात अळी. कच्चं खाणं सोडून देतो अन् वरणभात खातो!

फवारा_१६लिटर

@कायले_धुता, भाऊ, तुरीवरही फवारणी होते, वरण सुटणार नाही :)

गंमत सोडा. वरवरचं औषध कमी होतं म्हणूनच धुवायचं. साल काढल्यानं तर फारच कमी होतं. काकडी, दुधी, गाजर सोलून खा. देठाजवळचा खळगा आणि फुलाकडचं टोक इथं औषध साचतं. टमाटर, वांगं, ढोबळी मिरचीचा तो भाग अंगठ्यानं चोळा आणि चिरताना थोडा जास्त काढून टाका. हिरवी मिरची मात्र देठासकट धुवा, देठ नंतर काढा. आधी काढलं तर भोकातून पाणी आत जातं आणि मिरची दोन दिवसांत काळी पडते.

आठवीचा_विज्ञानवर्ग

सोड्याबद्दल कोणी बोललं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदांवर थायबेंडाझोल आणि फॉस्मेट ही दोन औषधं लावून तपासणी केली. १ टक्का खायच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरचं औषध निघालं. साधं पाणी आणि ब्लीचचं पाणी दोन्ही मागे पडले. पण जे सालीच्या आत उतरलं होतं ते सोड्यानंही निघालं नाही. म्हणजे @फवारा यांचंच म्हणणं.

१ टक्का म्हणजे १ लिटरला १० ग्रॅम, दोन सपाट चहाचे चमचे. चिमूटभर सोडा बादलीत टाकून काही होत नाही. हा खायचा सोडा, कपड्याचा नव्हे. आणि हा प्रयोग दोन औषधांचा, एका फळाचा. सगळ्या औषधांवर सोडा चालतो असा अर्थ काढू नका.

काही जण सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकतात. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं खारट पाणी. व्हिनेगर किंवा लिंबू क्लोरीनमध्ये तर कधीच टाकू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात हे फार धोक्याचं.

वहिनी_वाशीमच्या

तो फेस बघूनच लोकांना वाटतं औषध निघालं. त्या मशीनचंही तेच. पाण्यावर तवंग आला की बघा किती विष होतं! अहो, सफरचंदाचं मेण आणि पानावरचा चिकटपणाही वर येतो. लिक्विडबद्दलही बोला कोणीतरी. बाटलीवर 'नैसर्गिक' लिहिलेलं आणि किंमत तेलापेक्षा जास्त.

सूक्ष्मदर्शक

भांड्याचा साबण किंवा डिटर्जंट नकोच. फळा-पानाला बारीक छिद्रं असतात, त्यात साबण बसतो आणि पोटात जातो. भाजीसाठीचं म्हणून विकलं जाणारं लिक्विड वापरायचंच असेल तर कमीत कमी तीन पाण्यांनी काढावं लागतं. म्हणजे पाणी वाचलं नाहीच, वाढलं. तीन पाणी खर्चायचीच असतील तर नुसत्या पाण्यानं चोळून खर्चा. ओझोनच्या मशीननं जंतू कमी होतात हे खरं, पण खोली हवेशीर लागते आणि मातीचं काम ती करत नाही.

खारपाण

सोडा सुचवणाऱ्या मास्तरांना विनंती, त्या पाण्याचं पुढं काय करायचं तेही सांगा. आमच्या अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात जमिनीत आधीच सोडियम जास्त. सोड्याचं आणि मिठाचं पाणी परसबागेत ओतलं तर काळी माती आणखी घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर दगड. ते पाणी मोरीत जाऊ द्या. साधं धुण्याचं पाणी तेवढं वांग्या-मिरचीला.

बोअरच्या खाऱ्या पाण्यानं भाजी धुतली तर वाळल्यावर पांढरे डाग दिसतात. ते क्षार, औषध नव्हे. शेवटचा हात गोड्या पाण्याचा दिला की जातात.

मूळ प्रश्न पाणी कमी असण्याचा होता, त्यावर हिशोब. तीन टब ओळीनं ठेवा, प्रत्येकी ५ लिटर. भाजी पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पुढची खेप आली की पहिला टब झाडांना ओता, दुसरा पहिला होतो, तिसरा दुसरा, आणि नवं पाणी फक्त तिसऱ्यात. म्हणजे दर खेपेला ५ लिटरच नवं पाणी आणि भाजीला तीन धुणी मिळतात. खेपांचा क्रम: आधी फळं, मग टमाटर-काकडी-मिरची, मग भेंडी-वांगी, मग पालेभाजी, शेवटी मुळा-गाजर-रताळी. उलट केलं तर सगळं चिखलात. सोडा किंवा क्लोरीन वापरायचंच असेल तर तिसऱ्या टबानंतर वेगळ्या पातेल्यात, तेही फक्त कच्चं खाण्याच्या वस्तूंना.

परसबाग_दारव्हा

@खारपाण, टबांची ही फिरती रीत अगदी कामाची. टब नसतील तर दोन घमेली आणि एक पातेलं चालेल ना?

खारपाण

चालते की. फक्त घमेलं सिमेंट-रेतीचं नको, घरचं.

मृगबहार

फळांकडे वळतो. संत्र्याची साल आपण खात नाही म्हणून ती धुवायचीच नाही असा समज आहे. सोलताना नखं सालीत घुसतात आणि तेच हात फोडीला लागतात. पोरं तर दातानं सुरुवात करतात. कोमट पाण्यात दोन मिनिटं, मग हातानं चोळून, मग पुसून. संत्र्याची साल खडबडीत, खळग्यांत धूळ बसते. चमकणाऱ्या संत्र्यावर मेणाचा थर असतो, मंडीत धुऊन मेण दिलेलं. मधमाशीचं मेण, कार्नौबा, लाख ही मेणं चालतात, खाल्ल्यानं काही होत नाही. पण मेणाखाली अडकलेली धूळ गार पाण्यानं निघत नाही, म्हणून कोमट. सालीचा मुरंबा किंवा उटणं करायचं असेल तर थेट बागेतलं, मेण न दिलेलं संत्रं घ्या.

द्राक्षांवरची पांढुरकी लव म्हणजे औषधच असं नव्हे. ती फळाची स्वतःची असते, सगळ्या मण्यांवर सारखी पसरलेली, बोट फिरवलं की पुसली जाते. औषधाचे डाग थेंबाथेंबाचे, घडाच्या एका बाजूला किंवा मण्याच्या खालच्या टोकाला वाळलेले असतात. निळसर झाक असेल तर बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक). द्राक्षं घडावरून ओढू नका, कात्रीनं छोटा देठ ठेवून कापा, मग धुवा. ओढली की देठाच्या जागी भोक पडतं आणि धुण्याचं पाणी मण्यात शिरतं.

काळी_माती

@मृगबहार यांच्या भोकाच्या मुद्द्याला जोडून: वावरातून भर दुपारी तोडलेली टमाटरं किंवा आंबे लगेच गार पाण्यात टाकू नका. फळ आत तापलेलं असतं. गार पाण्यात आतली हवा आकसते आणि फळ देठाच्या खुणेतून बाहेरचं पाणी ओढून घेतं, जंतूंसकट. मग ते कितीही धुवा, आतलं कसं निघणार? सावलीत तास-दोन तास निवू द्या, मग साध्या पाण्यात. माठाचं पाणी त्यासाठी नको.

आमराई

आंब्याचा चीक अंगावर उततो आणि ओठ फुटतात. पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवून देठ काढा, चीक जाऊ द्या, पुन्हा धुवा. कार्बाइडनं पिकवायला बंदी आहे तरी पेटीत राखेसारखी भुकटी दिसली तर आंबे बुडवून ठेवू नका, आधी वाहत्या पाण्यानं भुकटी घालवा.

गोबी_भ्याड

पत्तागोबीतून डोक्यात किडा जातो म्हणतात, ते खरं का? घरी दोन वर्षांपासून गोबी बंद.

सूक्ष्मदर्शक

गोबीच्या पोटात तो किडा नसतो. तो डुकराच्या फीतकृमीचा प्रकार. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत-पाण्यात येतात आणि मैल्याच्या पाण्यावरच्या कोणत्याही कच्च्या भाजीवर बसू शकतात, मुळ्यावर, सांभारावर, सगळीकडे. गोबीचं नाव उगाच झालं. उघड्यावर शौचाला जाणं थांबलं की त्याची मूळ साखळी तुटते.

गोबीची रीत: वरची दोन-तीन पानं फेका, चार फोडी करा, कोशिंबिरीसाठी पानं सुटी करून एकेक धुवा. शिजवायची असेल तर निर्धास्त खा.

वहिनी_वाशीमच्या

आणि फुलगोबीतल्या हिरव्या अळ्या? तुरे मोकळे करा, १ लिटर कोमट पाण्याला २० ग्रॅम मीठ (पोह्याच्या चमच्यानं दोन), दाणे खाली करून १० ते १५ मिनिटं. मिठानं अळ्या-मावा पकड सोडतात आणि वर येतात किंवा खाली पडतात. मीठ यासाठीच चांगलं, औषधासाठी नाही. हळदीनं मात्र पाणी पिवळं होण्यापलीकडे काही होताना दिसत नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवली तर गोबी मऊ पडते.

मोहरीच्या पाल्यावर मावा असेल तर तीच रीत, फक्त पाणी गार.

रानभाजी_मेळघाट

सगळे बाजारावरच बोलले. पहिल्या पावसानंतर तरोटा, कुंजर, घोळ, चिवळ या रानभाज्या धुऱ्यावरून (बांधावरून) खुडतात, तेव्हाच कपाशी-सोयाबीनमध्ये तणनाशक मारणं सुरू असतं. तणनाशक मारलेल्या वावराच्या धुऱ्यावरची भाजी धुवून खाण्याची नाहीच, सोडून द्यायची. पानं वाकडी, टोकं पिवळी, देठ पिळवटलेला दिसला की समजा. दिसत नसलं तरी मालकाला विचारल्याशिवाय खुडू नका. कपाशीच्या कडेची अंबाडी आणि मधली बरबटी (चवळी) यांचंही तेच, कपाशीवर मारलेलं त्यांच्यावर पडतंच. अंबाडी उकडून पाणी टाकून देतो त्यात वरचं थोडं औषध जातं, पण तेवढ्यावर विसंबू नका.

चिवळीची पानं बारीक आणि जमिनीला टेकलेली, तिला चार पाणी लागतात. चिवळ धुण्यात घाई करणाऱ्यानं ती करूच नये.

झाडीपट्टी

आमच्याकडचं एक राहिलं जी, शिंगाडे. भंडारा-गोंदियाच्या तलावांतले ताजे शिंगाडे पोरं दातानं सोलतात. पाण्यातल्या एका कृमीची पिल्लं सालीला चिकटून असतात आणि दातानं सोललं की थेट पोटात. धुतल्यानं ती पूर्ण निघत नाहीत. उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून, सुरीनं सोलून खा. उकडलेल्यांना भीती नाही.

धोप्याची (अळूची) पानं पालथी करून शिरेच्या दोन्ही बाजू ओल्या फडक्यानं पुसा. वरच्या बाजूनं पाणी घरंगळून जातं, धुतल्यासारखं दिसतं, पण खालची बाजू कोरडीच राहते. हाताला खाज येत असेल तर आधी तेल लावा.

भेदरं_चटणी

भेंडी, मिरची, मटार फारच हिरवे दिसतात. रंग धुतला जातो का?

आठवीचा_विज्ञानवर्ग

आधी ओळखा. लिक्विड पॅराफिनमध्ये कापूस बुडवून भेंडीच्या सालीवर घासा. कापूस हिरवा झाला तर मॅलॅकाइट ग्रीन हा कृत्रिम रंग. रताळ्याला पाण्यात किंवा तेलात भिजवलेला कापूस, गुलाबी-लाल झाला तर रंग. रंग निघाला तर धुऊन वापरायची भाजी ती नव्हे, परत करा.

परसबाग_दारव्हा

खूप माहिती मिळाली. एक राहिलं. बाजारातून आल्याबरोबर सगळं धुऊन ठेवावं की लागेल तसं?

काळी_माती

लागेल तसं. ओल राहिली की सडतं. आलू, कांदा, लसूण तर धुऊन ठेवायचेच नाहीत. कांद्याच्या सालीखाली काळी भुकटी असते ती बुरशी. सोलल्यावर धुवा, मग चिरा.

पालेभाजी निवडून, न धुता, सुती फडक्यात सैल गुंडाळून ठेवा. फ्रीज नसेल तर ओल्या बारदान्यानं झाकलेल्या टोपलीत, माठाजवळ. बारदाना ओला, भाजी कोरडी. भेंडी सकाळी करायची तर रात्री धुऊन, पुसून, पंख्याखाली पसरून ठेवा. ओली भेंडी चिरली की तार सुटते आणि दोष तव्याला देतात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते.

टरबूजवाला

टरबूज! न धुता सुरी घालतात. वावरात ज्या बाजूवर टेकलेलं असते ती माती सुरीबरोबर गरात जाते. घासून धुवा, पुसा, मग कापा. आणि मे महिन्यात कापलेलं टरबूज उघडं ठेवून संध्याकाळी खायचं नाही. ३२ अंशांच्या वर एका तासात संपवा, आपल्याकडे तर सावलीतच ४५.

वऱ्हाडी_ठेचा

घासायचं कशानं? तारेच्या घासणीनं?

वहिनी_वाशीमच्या

तार नको, साल ओरखडते आणि मग लवकर सडते. नारळाच्या शेंड्यांचा कुंचा किंवा वाळल्या घोसाळ्याची जाळी, बिया झटकून. मुळा, गाजर, रताळी, टरबूज, सगळ्याला चालते. आलं मात्र आधी बोटं मोडून सुटी करा, बेचक्यांत माती असते. जाळी वापरून झाली की उन्हात टाका आणि काळे ठिपके दिसले की बदला. ओली जाळी मोरीवर पडून राहिली तर भाजीपेक्षा तिलाच धुवायची वेळ येते.

वऱ्हाडी_ठेचा

बरं. अन् आंगोळीची जाळी अन् भाजीची जाळी वेगवेगळ्या खिळ्याला टांगा बाप्पा, एवढंच म्हणतो.